हिरव्या पट्टीचे उंदीर

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं माझी आई सांगायची. बावीस वर्षं मी त्याला 'अहो', 'मालक', 'चैतालीचे पप्पा' असंच म्हणत आले. आता खुशाल नाव घेते. निवृत्ती. अहो-जाहोही सोडलंय. आता कमी व्हायला उरलंय काय?

मी नंदा. घर टाकव्यात, टाकवे बुद्रुक म्हणतात ते. लोणावळ्याच्या अलीकडं, वलवणच्या बाजूला औषधांवर संशोधन करणारी एक कंपनी आहे, तिथं उंदरांच्या खोलीत मी बारा वर्षं काम करते. कान्हे फाट्यावर सकाळी सातला कंपनीची बस येते. पुण्याच्या मॅडम लोकांत राहून माझी भाषा निम्मी सुधारली आणि निम्मी मावळातलीच राहिली, तेव्हा बोलण्यात इकडचं तिकडं झालं तर समजून घ्या. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण उंदीर म्हटलं की सगळेच हसतात. गावात मला उंदीरवाली म्हणतात. मी म्हणते, म्हणा बापडे, पण तुम्ही रोज खाता त्या बीपीच्या गोळ्या तुमच्या आधी कुणी खाल्ल्या, ते पण विचारा कधीतरी.

आमचे उंदीर घरातल्यासारखे करडे नसतात. काळेभोर, मुठीत मावतील एवढे. त्यांचा भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, खाद्य काट्यावर तोलून घालायचं आणि उरलेलं पुन्हा तोलून वहीत लिहायचं. आठवड्यातून एकदा उंदीरही तोलायचा. शेपटीला धरून उचलायचं आणि दुसरा हात खाली द्यायचा, म्हणजे तो घाबरत नाही. हे मला कुणी शिकवलं नाही, मीच शिकले.

गेल्या डिसेंबरात माधवी मॅडमचं नवीन काम सुरू झालं. माधवी मॅडम मोठ्या शास्त्रज्ञ, पण साखर न घातलेला चहा घेऊन आमच्यात येऊन बसतात, आणि विचारलं तर सगळं सांगतात. त्या म्हणाल्या, या उंदरांची जातच अशी आहे की यांच्या हृदयाकडच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर लवकर बसतो. माणसाला जे पन्नास वर्षांत होतं ते यांना चार महिन्यांत होतं. रक्तवाहिनीच्या भिंतीत ज्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर एक रिसेप्टर असतो. म्हणजे दारातला माणूस म्हणा. रक्तातून चरबीतलं आम्ल वाहत आलं की तो त्याला पकडून आत घेतो, आणि आत ती चरबी साचत जाते. मी म्हटलं, आमच्या चुलत सासूसारखा दिसतोय, रस्त्यानं जाणाऱ्यालाही बोलावून जेवायला बसवणारा. मॅडम खूप हसल्या. म्हणाल्या, अगदी तसाच, आणि आमचं नवीन औषध त्या माणसाला गप्प बसवतं. दार बंद. निदान आम्हाला तसं वाटतं, खरं-खोटं उंदीर सांगतील.

सगळ्या उंदरांना लोण्यासारख्या चरबीच्या गोळ्या द्यायच्या. निम्म्या गोळ्यांत औषध मिसळलेलं, निम्म्यांत नाही. पोत्यांवर चिकटपट्ट्या, काहींवर हिरवी, काहींवर पिवळी, आणि पिंजऱ्यांवर तशाच. औषध कुठल्या पट्टीत आहे ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. माधवी मॅडमनाही नाही. ती चिठ्ठी पुण्यातल्या एका सरांकडे बंद पाकिटात, काम संपल्यावरच उघडायची. मी विचारलं, असा लपंडाव कशाला? तेव्हा मॅडम जे बोलल्या ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं.

"नंदाबाई, माहीत असलं की डोळा खोटं बोलायला लागतो. आपल्याला जे हवं असतं तेच दिसतं."

मी मनात म्हटलं, तुमचा बोलत असेल बाई. माझा डोळा नवऱ्यानं तयार केलेला आहे.

निवृत्तीची भातशेती होती, पण त्याचा जीव होता बैलगाड्यात. आमच्याकडं यात्रेला बैलगाड्यांची शर्यत असते. चढाचा लांब रस्ता असतो, त्याला घाट म्हणतात, आणि चार बैल जुंपलेला गाडा त्या घाटातून काही सेकंदांत वर जातो. चार बैल एका घरात कुणाकडं असतात आता? चौघा मित्रांचा एकेक, मिळून एक गाडा. आमचा बैल पाखऱ्या. तापट इतका, की मला बारा वर्षांत शेकडो उंदरांची भीती वाटली नाही, पण पाखऱ्याच्या बाजूनं जाताना मी पदर आवरून जायची. निवृत्तीपुढं मात्र तो शेळी. बाजारात लोक निवृत्तीला बैल बघायला घेऊन जायचे. तो लांबूनच बघायचा. केस कसे बसलेत, डोळा कसा आहे, उभं राहताना भार कुठल्या पायावर आहे. हात न लावता सांगायचा, घ्या किंवा राहू द्या. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्याच्याबरोबर बाजार फिरले, आणि पोरगी कडेवर आली तरी जनावरं बघत होते. तसा माझा डोळा तयार झाला.

फेब्रुवारीत तो बांध चढता चढता बसला. म्हणाला, पित्त झालंय. सोडा प्यायला. चार दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याचा डावा हात दुखायला लागला तेव्हा मी सोड्याची बाटली फेकून दिली आणि त्याला तळेगावला हॉस्पिटलात नेलं. नेलं म्हणजे काय, रिक्षात ढकललंच. तिथल्या तरुण डॉक्टरनं तपासणी केली आणि पडद्यावर दाखवलं. दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या, त्यातली एक मोठी, अगदी तोंडाशी. मला डॉक्टरनं फार समजावून सांगावं लागलं नाही. माधवी मॅडमनी उंदराची रक्तवाहिनी उभी चिरून, लाल रंगात बुडवून मला दाखवली होती. चरबी जिथं असते तिथं लाल होते. मला निवृत्तीच्या छातीत ते लाल दिसायला लागलं.

डॉक्टर म्हणाला, आठ दिवसांत स्टेंट टाकून घ्या. सरकारी योजनेत बसतंय, उशीर करू नका. पुढचा मंगळवार दिला. तोवर घ्यायच्या गोळ्या दिल्या.

आणि निवृत्ती म्हणाला, यात्रा झाल्यावर.

यात्रा एप्रिलाच्या शेवटी, म्हणजे सात आठवडे पुढं. पाखऱ्या यंदा पहिल्यांदाच पुढच्या जोडीत पळणार होता. मी काय बोलले नसेल त्याला? म्हटलं, बैलाशीच लग्न करायचं होतं, मला कशाला आणलीत? आमची चैताली तळेगावला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एकुलती एक, बापाची लाडकी, आणि बापासारखीच हट्टी. तिनं कॅलेंडरवर मंगळवारभोवती लाल पेनानं गोल केला आणि खाली लिहिलं, 'पप्पा'. बापाला म्हणाली, मी त्या दिवशी रजा टाकलीय, आता तुमचं तुम्ही बघा.

इथवर सगळं बरोबर चाललं होतं. इथून पुढचं माझं आहे.

माझा मोठा भाऊ भिमाजी. पाच वर्षांपूर्वी त्याचंही हृदयाचंच होतं, त्याचं बायपास झालं आणि तो टेबलावरून उठला नाही. त्यात कुणाचा दोष नव्हता, त्याचं आधीच लय वाढलं होतं. पण मी त्याला आत जाताना बघितलं होतं. हिरवा गाऊन घालून, मला बोटानं खुणावत, की डबा खाऊन घे. निवृत्तीला मी तोंडानं 'चला, चला' म्हणत होते, आणि मनात यायचं की ह्यालाही असंच स्ट्रेचरवर आत नेतील. त्या मंगळवाराची भीती त्याच्यापेक्षा मलाच जास्त होती. हे मी कुणाला बोलले नाही.

आणि रोज माझ्यासमोर ते पिंजरे. तीन महिने झाले होते. पिवळ्या पट्टीचे उंदीर मलूल दिसायचे, अंगावरचे केस तेलकट, चिकटल्यासारखे. हिरव्या पट्टीचे तुकतुकीत. तेच खाद्य, तीच चरबी, तरी पिंजरा उघडला की टुणकन् उभे राहायचे. मॅडमना दिसत नव्हतं, कारण मॅडम आकडे बघायच्या. मला दिसत होतं.

आमच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी आहे. मी नेला. एक हिरवा, एक पिवळा, दोघांचा फोटो काढला. संध्याकाळी निवृत्ती गोठ्यात पाखऱ्याला खरारा करत होता, तिथं जाऊन त्याच्यापुढं मोबाईल धरला. काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, यातलं चांगलं जनावर कुठलं?

त्यानं खरारा खाली ठेवला. हात धोतराला पुसले. मोबाईल जवळ धरला, मग लांब धरला.

"ह्यो," तो म्हणाला. "ह्येचं केस बघ कसं बसल्यात. डोळा बघ. त्यो दुसरा आतनं गेल्याला हाय, घाटात घातला तर निम्म्यात बसंल."

बोट हिरव्यावर होतं. मी हसले, म्हटलं, अहो, उंदीर आहे तो, घाटात कुठं घालताय? तो म्हणाला, उंदीर असू दे न्हाई तर बैल, जनावर त्ये जनावर. आणि पुन्हा खरारा उचलला.

मला आणखी कशाची साक्ष हवी होती? ज्याच्या शब्दावर लोक आपला गोठा भरायचे, त्यानंच सांगितलं होतं.

पिंजऱ्यात उरलेल्या गोळ्या तोलून झाल्या की कचऱ्याच्या पिशवीत टाकायच्या, त्या जाळायला जातात. बारा वर्षांत मी तिथून टाचणीसुद्धा घरी आणली नव्हती. दुसऱ्या दिवशी हिरव्या पट्टीच्या उरलेल्या गोळ्या तोलल्या, वहीत बरोबर आकडा लिहिला, आणि मूठभर गोळ्या जेवणाच्या डब्यात टाकल्या. उंदीर केवढा, माणूस केवढा, एवढ्यानं काय होणार, हे मलाही कळत होतं. पण देवाचा अंगारा काय पोतंभर लावतात का, असं मनाशी म्हटलं. घरी येऊन त्या गोळ्या शेंगदाण्याच्या चटणीत कुटल्या. वर लसूण जास्त घातला, कारण त्यांना खवट लोण्याचा वास येतो.

जेवायला बसल्यावर निवृत्तीनं चटणीचा घास घेतला आणि थांबला. माझ्याकडं बघून मिशीत हसला.

"नंदे, उंदराचं खाणं मला घालती का काय?"

माझ्या हातातली भाकरी तव्यावर पडली. मी त्याच्याकडं न बघता म्हटलं, "घातलं तर खाल का?"

"तुझ्या हातचं हाय न्हवं? खाईन की."

आणि त्यानं सगळी चटणी खाल्ली, ताट बोटानं पुसून घेतलं. चेष्टाच होती त्याची. त्याला काही माहीत नव्हतं. पण मला आज वाटतं, तेव्हा सांगितलं असतं तरी त्यानं खाल्लीच असती.

सहा दिवस मी ती चटणी घातली. आणि काय सांगू, माणूस सुधारला. बांध न थांबता चढायला लागला. चेहऱ्यावर रया आली. रविवारी पाखऱ्याला नदीवर नेऊन धुऊन आणलं, आणि येताना माझ्यासाठी करवंदीच्या जाळीची फुलं तोडून आणली, असलं काही त्यानं लग्नानंतरही केलं नव्हतं. डॉक्टरनं दिलेल्या गोळ्यांनी त्याला बरं वाटत होतं, हे आज कळतं. जिभेखाली ठेवायची, रक्त पातळ ठेवायची, त्या गोळ्यांचं काम होतं ते. पण मी माझी चटणी बघत होते. आमच्या घरात गोळ्यांना कोण विचारतं?

सोमवारी दुपारी मी कामावरून लवकर आले. घरात शिरले तर निवृत्ती पलंगावर बॅग उघडून बसला होता. आत दोन सदरे, टॉवेल, हॉस्पिटलचे कागद. मला बघून जरा ओशाळला. म्हणाला, पोरीनं लय मनावर घेतलंय. पाखऱ्याला आपल्या गाड्यातला बाजीराव बघंल महिनाभर, मी बोललोय त्याच्याशी. उद्या जाऊन येऊ.

तो कबूल झाला होता. हे ऐका नीट, कारण गावात कुणाला हे माहीत नाही. ज्या माणसाला सगळे आज म्हणतात की बैलापायी मेला, त्यानं बैल दुसऱ्याच्या हवाली करून बॅग भरली होती.

मी त्या बॅगेकडं बघितलं आणि मला भिमाजीचं बोट दिसलं. डबा खाऊन घे. मी निवृत्तीच्या तोंडाकडं बघितलं. तुकतुकीत. बाजारात असा बैल कुणी नाकारला नसता.

मी म्हटलं, "राहू द्या. यात्रेनंतर जाऊ. आता बरं दिसतंय तुमचं."

त्यानं हातातला टॉवेल खाली ठेवला. म्हणाला, खरं म्हणतीस? मी म्हटलं, खरं. तेव्हा तो लहान पोरासारखा खूश झाला. आणि मग मी आणखी एक केलं, ते पहिल्यापेक्षा वाईट. म्हटलं, चैतालीला तुम्हीच सांगा बाई, मला ती फाडून खाईल. तो म्हणाला, त्यात काय, मी सांगतो. चैताली यायच्या आधी त्यानं बॅग रिकामी करून माळ्यावर ठेवली.

चैताली आली, त्यानं सांगितलं की मी यात्रेआधी जाणार नाही. माझं नावही काढलं नाही. ती आधी ओरडली, मग रडली. मग कॅलेंडरचं ते पान फाडून चुलीत घातलं आणि म्हणाली, तुम्हाला बैल आमच्यापेक्षा प्यारा आहे ना, मग बैलाशीच बोला. त्या दिवसापासून ती बापाशी बोलली नाही. ताट वाढायची, पण बोलायची नाही. तो तिच्या पुढ्यात मुद्दाम चेष्टा करायचा, पाखऱ्याला मोठ्यानं सांगायचा, बाबा रे, आमच्या बाईसाहेब रुसल्यात, तूच काहीतरी बोल. ती उठून जायची. मी स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकायची. दार चार पावलांवर होतं. मी गेले नाही. म्हटलं, यात्रा झाली की सगळं निस्तरेल.

यात्रेला आठ दिवस होते. सकाळी मी कान्हे फाट्यावर बसची वाट बघत उभी होते, तेव्हा चैतालीचा फोन आला. निवृत्ती गोठ्यात पडला होता, पाखऱ्याच्या पुढच्या पायांशी. तिनं तिथंच त्याची छाती दाबली, कॉलेजात शिकवलं होतं तशी, मोजून, शेजारी गाडी काढेपर्यंत. आणि तो तापट बैल तेवढा वेळ एक पाय न हलवता उभा होता, असं शेजाऱ्यांनी मला सांगितलं. तळेगावला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पाच आठवडे ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी गाडीत बोलली म्हणे. पप्पा, पप्पा, अहो पप्पा, एवढंच.

दहावा झाला, तेरावा झाला. मी फोटो मोठा करून आणला, चौकट लावली. चैताली म्हणाली, भिंतीवर लावायचा नाही. लावायचाच असेल तर बैलाचा लावा, त्यांना तोच होता. मी तो फोटो कपाटात साड्यांच्या खाली ठेवला. येणारे-जाणारे म्हणायचे, किती सांगितलं असेल पोरीनं, पण गाड्याचा नाद वाईट. मी मान खाली घालायची. लोकांना वाटायचं, दुःखानं.

जूनमध्ये माधवी मॅडमनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. त्यांनी पेढे आणले होते. पुण्याच्या सरांनी पाकीट उघडलं होतं. मॅडमच्या हातात कागद, आणि चेहरा असा खुललेला की मी बारा वर्षांत बघितला नव्हता. म्हणाल्या, तुमच्या सगळ्यांच्या कष्टाचं चीज झालं. औषध हिरव्या पट्टीत होतं. हिरव्या पट्टीच्या उंदरांच्या रक्तवाहिन्यांत चरबीचा थर निम्म्याहूनही कमी आहे.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझेही हात वाजले.

म्हणजे माझा डोळा खोटं बोलला नव्हता. निवृत्तीनं बोट बरोबर जागी ठेवलं होतं. क्षणभर मला काय वाटलं असेल सांगा? अभिमान वाटला. आणि लगेच निवृत्तीची छाती आठवली. मी विचारलं, मॅडम, ज्यांच्यात थर आधीच बसलाय, त्यांना?

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांना निवृत्तीचं माहीत होतं, भेटायला घरी येऊन गेल्या होत्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, शेजारच्या खोलीत तुमच्यातली पिंकी बघायची ते म्हातारे उंदीर आठवतात? त्यांच्या रक्तवाहिन्या आधी भरू दिल्या आणि मग औषध दिलं. त्यांच्यात काडीचाही फरक नाही.

"दार लावलं की बाहेरचे आत येत नाहीत, नंदाबाई. पण आत येऊन बसलेत ते कुठं जाणार? ते डॉक्टरलाच जाऊन मोकळं करावं लागतं."

मी पेढा हातात घेऊन उभी राहिले. मॅडमना वाटलं, मला निवृत्तीची आठवण आली. आली होतीच. पण बॅगेसकट आली होती. मी चुकीचं पोतं उचललं असतं ना, तर मी म्हटलं असतं, अडाणी बाई, चुकली बिचारी. कुणी ना कुणी मला माफही केलं असतं. पण मी बरोबर पोतं उचललं होतं. उंदराचं बरोबर ओळखलं आणि माणसाचं नाही. त्याच्या छातीत काय आहे ते मी पडद्यावर बघितलं होतं, आणि तरी मी त्याच्या गालांवरची रया बघून त्याला घरी ठेवला.

घरी आले तेव्हा चैताली फोनवर बोलत होती. पाखऱ्याला बघायला रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. फोन ठेवून ती म्हणाली, आई, एकदा ही ब्याद गेली की मी सुटले. त्याला बघितलं की मला पप्पांचा राग येतो, आणि मेलेल्या माणसाचा राग करते म्हणून स्वतःचा येतो.

मी तिला खाली बसवलं. मी काय काय गमावणार आहे ते मला दिसत होतं. माझ्याकडं आता तीच एक आहे. पण मी गप्प राहिले तर ती जन्मभर बापाला दोष देणार, आणि तो तिकडंही माझं नाव न काढता ऐकून घेणार, एवढा मी त्याला ओळखते.

मी म्हटलं, "तुझा बाप तयार झाला होता. बॅग भरली होती त्यानं. मी अडवलं."

मग सगळं सांगितलं. भिमाजीमामापासून चटणीपर्यंत. आणि ती यायच्या आधी त्यानं बॅग माळ्यावर ठेवली, ते पण. मी मोबाईल काढून तिला तो फोटो दाखवला, दोन उंदरांचा. तिनं तो नर्स बघते तसा बघितला. मग एकच विचारलं.

"पाच आठवडे तू मला त्यांच्याशी अबोला धरू दिलास?"

मी व्हय म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

ती उठली. मला वाटलं, बाहेर जाईल, निघून जाईल. ती गोठ्यात गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं पाखऱ्याला वैरण घातली, आणि त्याच्या मानेला कपाळ टेकून उभी राहिली. मी दारातून बघत होते. आत गेले नाही. माझा तिथं अधिकार नव्हता.

पाखऱ्या विकला नाही. गिऱ्हाइकाला तिनंच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनंच कपाटातून साड्या काढून खालचा फोटो काढला आणि भिंतीवर खिळा ठोकून लावला. चैताली माझ्याशी बोलते. जेवलीस का, बीपीची गोळी घेतलीस का, बस आली का, एवढं बोलते. मीही तेवढंच बोलते. फोटोला रोज सकाळी ती ताजा हार घालते आणि काच ओढणीनं पुसते. एकदा ती कॉलेजला जायच्या गडबडीत होती म्हणून मी हार घ्यायला हात पुढं केला. तिनं हार मागं घेतला आणि म्हणाली, तू राहू दे.